वहिनींच्या नावावरचे एकसष्ट कॉम्प्युटर

कायमभाऊंची आणि माझी ओळख दवाखान्यात झाली. त्या दवाखान्यात मी सव्वीस वर्षे आया म्हणून काम केले. एके सकाळी मी फरशी पुसत होते आणि ते केसपेपरच्या टेबलाखाली शिरलेले होते. बाहेर फक्त दोन पाय दिसत होते. मी म्हणाले, "पाय वर घ्या, ओलं करायचंय." ते आतूनच म्हणाले, "पाय वर घेतले तर डोकं आपटेल, ताई. तुम्ही पुसा पायांवरून." त्या दिवशी सुरू झालेले आमचे बोलणे आजतागायत चालू आहे. जे मी स्वतः पाहिले ते पाहिले म्हणून, आणि जे त्यांनी मला सांगितले ते सांगितले म्हणून, येथे लिहीत आहे.

त्यांचा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. कायमभाऊ हे त्यांचे खरे नाव नव्हे. व्हायरसपासून कॉम्प्युटरचे रक्षण करणारा एक प्रोग्राम ते विकत असत. त्या काळी तो पुठ्ठ्याच्या खोक्यात येई. आत एक तबकडी आणि एक कार्ड असे. कार्डावरची चंदेरी पट्टी नखाने खरवडली की खाली वीस आकडे निघत. एकदा घेतलेला प्रोग्राम आयुष्यभर चालेल, असे खोक्यावर ठळक छापलेले होते. गिऱ्हाइकाने "पुढच्या वर्षी पुन्हा पैसे मागणार का?" असे विचारले की हे गृहस्थ छातीवर हात ठेवीत आणि म्हणत, "छे हो! एकदाच घ्या, कायमचं." हे वाक्य त्यांनी इतक्या घरांत इतक्या वेळा म्हटले की लोकांनी त्यांचे नावच तसे पाडले. त्यांना ते आवडत असे. माणसाला त्याच्या शब्दावरून ओळखतात याचा त्यांना अभिमान होता.

या कामात त्यांच्या पत्नीचा अर्धा वाटा होता. त्यांना सगळे वहिनी म्हणत, म्हणून मीही तसेच लिहिते. भाऊ गिऱ्हाइकाकडे जात आणि वहिनी दुकानाच्या मागच्या खोलीत आपल्या कॉम्प्युटरसमोर बसत. प्रोग्राम चालू होण्यासाठी ते वीस आकडे कंपनीकडे नोंदवावे लागत. भाऊ फोन टेबलावर उघडा ठेवून चार चार आकडे वाचत. पलीकडून वहिनी तेच चार आकडे परत म्हणून दाखवीत आणि म्हणत, "हं, पुढे." भाऊ घाई करू लागले की खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे उत्तर येई, "हळू सांगा. मला काही गाडी पकडायची नाहीये." शेवटचे चार आकडे झाले की म्हणत, "झालं, लावा आता. आणि येताना दूध आणा, विसराल." दवाखान्यातले पेशंटसुद्धा हसत. वहिनींना कधी न पाहिलेली माणसेही त्यांचा आवाज ओळखत होती.

कंपनीच्या फॉर्मवर खातेदाराचे नाव आणि ई-मेल लिहावा लागे. आमच्या भागातल्या बहुतेकांकडे तेव्हा ई-मेल नव्हता. वहिनींनी पहिल्याच गिऱ्हाइकाच्या वेळी स्वतःचे नाव आणि स्वतःचा ई-मेल टाकला. भाऊंनी विचारले, "हे चालतं का?" वहिनी म्हणाल्या, "न चालायला काय झालं? आकडे हरवले तर उद्या माझ्याकडेच येणार ना सगळे? मग माझ्याच नावावर राहू देत." ती पद्धत पुढे तशीच पडली. कॉम्प्युटर बदलला तरी जुना प्रोग्राम नव्यावर हलवता येत असे, त्यामुळे नावही हलत राहिले. शिंप्याचा कॉम्प्युटर वहिनींच्या नावावर, दवाखान्याचा वहिनींच्या नावावर, मी संध्याकाळी शिकायला जाते त्या प्रौढ वर्गाचाही वहिनींच्याच नावावर. कंपनीच्या दप्तरी या एका बाईंकडे होता होता एकसष्ट कॉम्प्युटर झाले. ही चूक होती असे म्हणावे तर ती इतकी सोयीची होती की कोणाला चूक वाटली नाही.

वहिनींना पोटाचे दुखणे निघाले आणि अकरा आठवड्यांत सगळे आटोपले.

भाऊंनी दुकान बंद ठेवले नाही. मागच्या खोलीतला वहिनींचा कॉम्प्युटर ते रोज सकाळी चालू करीत आणि संध्याकाळी बंद करीत, पण त्यावर काम करीत नसत. नवे खोके लावायचे झाले तर आकडे आता स्वतःच भरीत, नाव मात्र वहिनींचेच टाकीत. मी हे दवाखान्यात पाहिले आहे. चार आकडे वाचले की ते थांबत, पलीकडच्या माणसाला उत्तर द्यायला लागेल तेवढा वेळ जाऊ देत, आणि मग पुढचे चार वाचीत. माझे काम झालेले असले तरी मी त्या वेळी बादली उचलून निघून जात नसे.

वहिनींना जाऊन चार वर्षे झाल्यावर एका मंगळवारी सकाळी मी भाऊंच्या दुकानात उभी होते. आमच्या वर्गाच्या बाईंनी मला निरोप देऊन पाठवले होते, परंतु तो निरोप माझ्या तोंडून फुटत नव्हता. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतला शिंपी गळ्यात मोजायची टेप घेऊन तसाच धावत आला.

"भाऊ, माझ्याकडे चला. वहिनी आल्यात."

"कुणाच्या वहिनी?" भाऊ स्क्रू शोधत होते, त्यांनी वर पाहिले नाही.

"अहो, तुमच्या मंडळी. म्हणजे, माझ्या स्क्रीनवर. चला तर खरं, माझ्या अंगावर काटा आलाय."

मग मीही माझा निरोप सांगितला, कारण तो तोच होता.

आम्ही तिघे शिंप्याच्या दुकानात गेलो. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात लाल काठाची एक लहान खिडकी उघडली होती. तिच्यात वहिनींचे माहेरच्या मधल्या नावासकट पूर्ण नाव होते, जसे त्या स्वतः लिहीत तसे. त्यापुढे लिहिले होते: तुमचे आयुष्यभराचे संरक्षण संपत आहे.

"बंद केली की दहा मिनिटांनी पुन्हा येते," शिंपी म्हणाला. "स्वभाव तोच आहे, भाऊ. ऐकून घेतल्याशिवाय जात नाहीत."

भाऊ हसले. हसता हसता ते कापडाच्या चिंध्यांच्या ढिगावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचा फोन वाजत होता. वह्यापुस्तकांच्या दुकानातून आला, दवाखान्यातून आला, निवृत्त मास्तरांचा आला. प्रत्येक जण आवाज उतरवून तेच सांगत होता, की तुमच्या घरच्यांचे नाव आले आहे. आमच्या भागातल्या एकसष्ट खोल्यांत एकाच सकाळी त्या बाईंचे नाव उजळले होते.

झाले होते ते असे. कंपनीने आयुष्यभराची लायसन्स बंद केली होती आणि यापुढे दरवर्षी वर्गणी भरावी असे ठरवले होते. जुन्या खातेदारांसाठी एक सवलत ठेवली होती. खातेदाराने स्वतः आपल्या खात्यात येऊन, मी हयात आहे आणि हा प्रोग्राम वापरीत आहे, असे कळवले तर जुने लायसन्स आणखी एक वर्ष चालणार होते. पुढच्या वर्षी पुन्हा कळवायचे, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. लायसन्स दुसऱ्याच्या नावावर करता येणार नव्हते. खातेदार नसेल तर ते तेथेच संपणार होते. भाऊंनी हे सगळे मला वाचून दाखवले. त्यांना वहिनींच्या खात्याचा पासवर्ड ठाऊक होता. म्हणजे त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. पत्नी जिवंत आहे असे त्यांनी लिहून द्यायचे, किंवा एकसष्ट दारांत जाऊन आपला शब्द खोटा ठरला असे सांगायचे.

त्यांची मुलगी परगावी असते. तिला त्यांनी फोन लावला आणि फोन सवयीने टेबलावर उघडा ठेवला, म्हणून मला ते बोलणे ऐकू आले.

"बाबा, 'होय' दाबा आणि मोकळे व्हा. यात एवढं काय आहे?"

"खाली काय लिहिलंय ते वाचू का? 'मी स्वतः खातेदार असून हयात आहे.' हे मी दाबू?"

"पेन्शनवाले देतात ना हयातीचा दाखला, तसंच समजा."

"ते स्वतः जाऊन देतात गं."

मग मुलगी म्हणाली, "मग नका दाबू. पण लोकांची बोलणी ऐकायला तुम्हालाच जावं लागेल. आणि तुम्हाला ते झेपणार नाही, हे मला माहितेय. आईलाही माहीत होतं."

भाऊंनी 'होय' दाबले. त्याबद्दल त्यांना दोष द्यावा असे मला तेव्हा वाटले नाही. आमच्या वर्गाचे काम सुरळीत चालणार, याचा मला आनंदच झाला होता, हेही मी लपवीत नाही.

एक मिनिटाच्या आत लाल खिडकी हिरवी झाली. वहिनींच्या नावापुढे आता लिहिले होते: पुन्हा स्वागत आहे! तुम्ही परत आल्याचा आम्हाला आनंद वाटतो.

हे एकसष्ट ठिकाणी उमटले. दवाखान्यात नवीन लागलेल्या मुलीने मला विचारले, "मावशी, या कोण? कुठे गेल्या होत्या?"

त्यानंतरचे वर्ष भाऊंनी कसे काढले ते त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितले. महिन्याच्या पहिल्या तारखेला वहिनींच्या नावाने अहवाल येई. या महिन्यात तुम्ही एकसष्ट ठिकाणी सुरक्षित होता. भाऊ तो अहवाल पूर्ण वाचीत. वहिनींच्या वाढदिवसाला कंपनीने शुभेच्छा धाडल्या आणि शिंप्याच्या स्क्रीनवर फुगे उडाले. शिंप्याने त्या दिवशी कॉम्प्युटरवर कापड टाकून ठेवले. मग एकदा खिडकीत प्रश्न आला: बऱ्याच दिवसांत तुम्ही खात्यात आला नाहीत, सर्व ठीक आहे ना? खाली उत्तरासाठी रिकामी जागा होती. भाऊंनी तेथे उत्तर लिहिले. काय लिहिले ते त्यांनी मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

त्या उत्तरामुळे असेल किंवा अन्य कशामुळे असेल, कंपनीतून फोन येऊ लागले. पलीकडे एक मुलगी असे, बोलणे गोड. ती वहिनींचे नाव घेऊन विचारी, "मॅडमशी बोलता येईल का?"

पहिल्यांदा भाऊ म्हणाले, "आंघोळीला गेलीय."

दुसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "बाजारात गेलीय." नंतर, "मुलीकडे गेलीय, बाळंतपणाला." ती मुलगी भारीच मनमोकळी होती. तिने अभिनंदन केले आणि महिन्याभराने पुन्हा फोन करून विचारले, "काय झालं हो? मुलगा की मुलगी?"

हे सांगताना भाऊ दुकानातल्या बाकावर बसले होते आणि हातातल्या कॉम्प्युटरच्या लहान पंख्याचे पाते उगाच फिरवीत होते. ते म्हणाले, "ताई, फोन वाजला की आता मला ती दिसते. दारातून निघताना दिसते. मी तिला रोज कुठंतरी पाठवतोय. कधी दळणाला, कधी बँकेत. आणि ती जातेय. परत आलेली मात्र दिसत नाही. पूर्वी तरी मागच्या खोलीत बसलेली असायची."

मी म्हणाले, "खरं सांगून टाका त्या मुलीला."

"सांगणार होतो. तेवढ्यात आठवलं की सांगितलं की एकसष्ट ठिकाणचं बंद पडणार. मग म्हणालो, झोपलीय." त्यांनी पाते फिरवायचे थांबवले. "ते सगळ्यांत वाईट झालं. मी फोन ठेवून पाऊल न वाजवता आत गेलो. तिची झोप मोडू नये म्हणून."

वर्ष संपायला एक महिना उरला तेव्हा लाल खिडकी पुन्हा आली. या वेळी भाऊंनी कोणाला विचारले नाही. दुकानाला कुलूप लावून ते एकेका घरी जाऊ लागले. दारात उभे राहून ते म्हणत, "मी तुम्हाला कायमचं म्हणालो होतो. ते या महिनाअखेरीस संपतंय. पुढे वर्षाची वर्गणी आहे. हवी असेल तर लावून देईन, नको असेल तर फुकटातला प्रोग्राम बसवून देईन. माझा शब्द खोटा ठरला." बसायला सांगितले तरी ते बसत नसत.

काहींनी बरेच ऐकवले. वह्यापुस्तकांच्या दुकानदाराने "छातीवर हात कुठं गेला आता?" असे विचारले, ते मी स्वतः ऐकले. बहुतेकांनी मात्र ऐकवले नाही. त्यांनी गोड शब्दांत जे मागितले ते भाऊंना त्याहून जड गेले.

मास्तर म्हणाले, "अहो, गेल्या वर्षी जमवलंत तसं यंदाही जमवा की."

शिंपी म्हणाला, "एक बटण तर आहे, भाऊ. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांची मापं त्यात आहेत. वहिनी काय नाही म्हणणार आहेत का?"

"तेच तर," भाऊ म्हणाले. "ती नाही म्हणू शकत नाही. म्हणून आपण तिला दरवर्षी उभं करायचं का?"

शिंप्याने टेप गळ्यातून काढली, बोटाभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली. मग म्हणाला, "मलाही आता सवय झालीय हो. सकाळी दुकान उघडलं की त्यांचं नाव येतं. पहिले काही दिवस घाबरलो. आता 'आलात का वहिनी?' म्हणतो."

भाऊ त्याच्याकडे पाहत राहिले. मला वाटते, त्यांचा निश्चय त्या वेळी पक्का झाला. आपल्या घरात जे होत होते ते एकसष्ट घरांत होत आहे, हे त्यांना तोपर्यंत ठाऊक नव्हते.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजता त्यांनी वहिनींच्या कॉम्प्युटरवर कंपनीचा फॉर्म उघडला, 'खातेदार हयात नाहीत' या ओळीपुढे खूण केली, तारीख भरली आणि बटण दाबले. मी तेथे होते. स्क्रीनवर दुःख व्यक्त करणारे एक छापील वाक्य आले आणि खाते बंद झाले.

दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गातल्या खिडकीत नाव नव्हते. हा कॉम्प्युटर कोणाच्याही नावावर नाही, एवढेच लिहिलेले होते. शिंपी दोन दिवस कोणाशी नीट बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी वर्गणीची चौकशी करायला आला. पुढचे दोन महिने भाऊ घरोघर हिंडले. ज्यांना वर्गणी हवी होती त्यांचे खाते त्यांनी ज्याच्या त्याच्या नावाने उघडले. ई-मेल नसलेल्या म्हाताऱ्यांना तासतासभर बसून तो काढून दिला. आता त्यांना कोणी विचारले की हे किती दिवस चालेल, तर ते सांगतात, "वर्षभर. पुढचं मला माहीत नाही." कंपनीच्या त्या मुलीचा फोन पुन्हा आला नाही. मागच्या खोलीतला कॉम्प्युटर भाऊ आता रोज चालू करीत नाहीत. वहिनी दारातून जाताना दिसतात का, असे मी त्यांना एकदा विचारले. ते म्हणाले, "दिसते. पण आता कुठे पाठवलेली नसते. तिची तीच जाते."

खाते बंद झाले त्या दुपारी मी दुकानात गेले होते ती वर्गाच्या खोलीची किल्ली द्यायला, कारण तेथे दुसरा प्रोग्राम बसवायला भाऊ येणार होते. भाऊ मागच्या खोलीत वहिनींच्या खुर्चीशेजारी उभे होते. खुर्चीत बसले नव्हते. फॉर्म भरून तयार होता आणि माउसवर त्यांचा हात होता. मी किल्ली ठेवून निघाले तेव्हा त्यांनी मला हाक मारली. बाहेरचे स्टूल स्वतः उचलून आत आणले, भिंतीशी ठेवले आणि म्हणाले, "ताई, मला हे दाबायचंय. दाबून होईपर्यंत तुम्ही इथे बसाल का?"